अर्धी घोषणा बाबांची, अर्धी आईची

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, बाबांचा श्वास सांभाळणं हे आईचं आणि माझं काम. गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात वीस वर्षं काढून त्यांची छाती निकामी झाली होती. "हा आजार बरा होणार नाही, सांभाळायचा," डॉक्टर म्हणाले होते. सकाळी वाफ द्यायची, मग मी ओंजळीने पाठ थोपटायची, कफ सुटला की आईने घोटघोट पेज भरवायची. त्यांची झोपसुद्धा बसूनच, पुढ्यातल्या स्टुलावरच्या उशीवर डोकं टेकून.

दोन वर्षं ते जिना उतरले नव्हते. एका दुपारी मोर्चा येणार म्हणून चाळ रिकामी होऊ लागली आणि बाबांनी खाली न्यायचा हट्ट धरला, "माका खाली व्हरा."

आई उखडली. "मोरीपर्यंत जाताना दम लागता तुमका, आनि मोर्चाक जातास?"

"खुर्चीत... बसान."

शेजारच्या खोलीतल्या चौघा कामगारांनी हे ऐकलं मात्र, खुर्ची उचललीच! पुढे आई "सावकाश रे!" ओरडतेय, मागे मी उशी आणि तांब्या घेऊन. दुसऱ्या मजल्यावर कुणी गुलाल आणला, तर आईने बाबांच्या नाकावर पदर धरून त्याला पिटाळलं.

मोर्चा फाटकाशी आला. बाबांनी मूठ उंचावली. "संयुक्त..." एवढ्यातच हवा संपली. माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली. आणि आई, जी चारचौघांत कधी आवाज चढवत नसे, ती गरजली, "महाराष्ट्र!"

"झालाच पाहिजे!" सगळा रस्ता दणाणला.

बाबांना हसू फुटलं, हसण्यातून खोकला, ओठ निळसर. भर रस्त्यात मी पाठ थोपटू लागले. "ओठ आवळा बाबा, हळूहळू फुंकर सोडा." चार-पाच फुंकरा झाल्या, रंग परतला.

"काका, वर नेऊ?" एकाने विचारलं.

"अजून... एकदा!"

असं सात वेळा झालं. मीही ओरडत होते, हसत होते, तांब्यातलं पाणी कुणाच्या अंगावर सांडलं तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा घसा पार बसला. ती नुसत्या खुणा करायची आणि तिचा निरोप शेजाऱ्यांना बाबा सांगायचे, दोन दोन शब्दांत, मधे थांबत, भलत्याच रुबाबात.