कार्डावर नसलेले आजोबा

भूगावच्या शाळेत माझं ते दुसरंच वर्ष. परभणीहून आलेली मी एका जुन्या शेतकरी कुटुंबाची वरची खोली भाड्याने घेऊन राहत होते. घरमालक आजोबांची नात माझ्याच वर्गात, दुसरीत होती.

एका दुपारी तिला न्यायला आईऐवजी आजोबा आले. ती धावत जाऊन त्यांना बिलगली. मी मात्र तिचा हात धरून तिला मागे घेतलं. मूल ज्यांच्या ताब्यात द्यायचं, त्यांचे फोटो आणि सह्या आमच्याकडे कार्डावर असतात. तिच्या कार्डावर फक्त आईबाबा होते. योग्य हातात पडेपर्यंत मुलाची जबाबदारी कायद्याने आमची, हे आम्हाला पुन्हापुन्हा बजावलेलं होतं.

आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, तुमी माज्याच घरात ऱ्हाता, अन् मलाच वळकत न्हाई व्हय?"

"ओळखते, आजोबा. पण आज तुम्हाला ओळखून सोडलं, तर उद्या ओळखीच्या कुणालाही सोडावं लागेल. तिच्या आईबाबांचा होकार येईपर्यंत बसा."

तिची आई पिरंगुटच्या कारखान्यात कामाला, तिथे आत फोन नेता येत नाही. वडिलांचा लागत नव्हता. आजोबा ऑफिसात पाऊण तास बसले. सोडून द्यावं, असं मला चारदा तरी वाटलं. नात तेवढ्या वेळात त्यांच्याकडून सातचा पाढा म्हणवून घेत होती आणि चुकले की पहिल्यापासून म्हणायला लावत होती. शेवटी वडिलांचा फोन आला. मी नोंद केली, आजोबांनी सही केली आणि माझ्याकडे न बघताच ते नातीला घेऊन गेले.

आता खोली सोडावी लागणार, हे मी मनाशी धरूनच घरी गेले. आजोबा ओट्यावर दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ते फाटकात हजर, सोबत गावातली आणखी चार म्हातारी माणसं. सुनेची सही असलेला अर्ज आणि स्वतःचा फोटो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यांचीबी नातवंडं हायेत हितं," ते म्हणाले. "समद्यांचं अर्ज अन् फोटू घ्या. बिनफोटूचं कुणालाच सोडू नका, मलाबी न्हाई."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. अर्ज एकेक करून तपासले. एका आजींचा फोटो त्यांच्या लग्नातला होता, तो तेवढा परत करावा लागला.