प्याद्याचं दुसरं घर

आमच्या ह्यांना बुद्धिबळाचा पट मांडून दिला की घराला आग लागली तरी कळायचं नाही. खंडेराव म्हणजे आमचे हे, बोईसरच्या एका कारखान्यात फोरमन. आम्ही मूळचे फलटणकडचे. नोकरीपायी इथे आलो आणि इथलेच झालो. माणूस सरळ, पण इतका सरळ की आपणच कपाळाला हात लावावा. भाजीवालीनं चुकून एक वांगं जास्त टाकलं तर ते परत द्यायला भर उन्हात जाणार. मी म्हणायची, "अहो, तिला तरी कळलंय का?" तर म्हणे, "मला कळलंय ना!" आता अशा माणसापुढे काय बोलणार?

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये ह्यांचा पट मांडलेला असायचा. कुणीही यावं आणि बसावं. तिथेच कमळी खेळायला शिकली. मनोरकडच्या एका पाड्यावरची पोरगी, दहावी झालेली, कामाला मात्र पावडरीच्या पॅकिंगला. त्या पावडरीनं तिचा खोकला हटत नव्हता. कॉम्प्युटरचा कोर्स केलास तर स्टोअरच्या ऑफिसात घेऊ, असं साहेब तिला म्हणाले होते. म्हणायला काय जातं? कोर्स करायचा कशाच्या जिवावर?

पंच्याण्णव साली एक दिवस चंद्रभान आमच्या घरी आला. स्टेशनजवळ त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. त्याच्याकडे येणाऱ्यांना आणि तारापूरच्या अणुकेंद्राच्या कॉलनीतल्या काही लोकांना कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळायचं भारी वेड लागलं होतं. त्यांच्यासाठी एक स्पर्धा घ्यायची, ह्यांनी कोडं घालायचं, आणि बक्षीस म्हणून अख्खा कोर्स फुकट.

"ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, त्यांनाही येऊ देणार असाल तर घालतो," हे म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. यंत्र वापरू द्यावं, तर बिनयंत्रवाल्यांवर अन्याय. वापरू देऊ नये, तर कॉम्प्युटरच्या शौकिनांना गंमत कसली? शेवटी ह्यांनी तोडगा काढला. यंत्र खुशाल वापरा, पण कोडं असं घालायचं की यंत्राला घाम फुटेल. सात चालींत मात. "यंत्र प्रत्येक चाल मोजत बसतं, नर्मदे. सात चाली मोजता मोजता त्याची संध्याकाळ होईल. माणसाला मात्र एक कल्पना सुचली की झालं." मला ओ की ठो कळलं नाही. मी आपली मान हलवली आणि भाकरी उलटली.

एक गोष्ट मात्र मी विचारली. "ते कोडं एकदा चंद्रभानच्या कॉम्प्युटरवर घालून तरी बघा. बरोबर आहे का नाही ते कळेल."

तर माझ्यावरच उखडले! "क्लासातल्या यंत्रावर घालू? म्हणजे क्लासातल्या पोरांना आधीच दिसेल. हा न्याय झाला का?"

घ्या. न्यायापायी कोडं कुणालाच दाखवलं नाही.

रविवारी सकाळी कोड्याचे कागद वाटले आणि दुपारी क्लासाच्या हॉलमध्ये सगळे जमले. बऱ्याच जणांनी हात टेकले होते. उत्तरं आली दोनच. पहिलं कमळीचं. ते वाचता वाचता ह्यांचा चेहरा फुलत गेला. ह्यांच्या मनातल्या सातही चाली पोरीनं जशाच्या तशा लिहिल्या होत्या. ह्यांनी माइकवर नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, कोर्सच्या प्रवेशाचं पाकीट तिच्या हातात पडलं. ती खोकत खोकत हसत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात दुसरं उत्तर देणारे इंजिनीअर उठले. कॉलनीतले, घरी स्वतःचा कॉम्प्युटर असलेले. शांतपणे म्हणाले, "सर, ही मात होत नाही. मी उत्तरात तेच लिहिलंय. शेवटच्या शहाला काळं प्यादं दोन घरं पुढे येतं आणि मध्ये उभं राहतं."

"प्यादं दोन घरं कसं जाईल?" हे म्हणाले. आणि म्हणता म्हणताच कोड्याचा कागद पुन्हा उचलला.

मला काहीच कळेना. चंद्रभाननं कॉम्प्युटरच्या पडद्यावर पट मांडला. शह दिला की त्यातलं प्यादं टुणकन दोन घरं उडी मारायचं आणि राजा वाचायचा. कँटीनवाले ओरडायला लागले, "असं कुठं असतंय?" कॉलनीवाले म्हणाले, "असंच असतं!" मागून कुणी तरी, "ये क्या चल रहा है भाई?" मीही तेच विचारत होते.

मग ह्यांनी माइक हातात घेतला आणि मला उलगडा झाला. आमच्या गावाकडच्या खेळात प्यादं एकच घर चालतं. कँटीनमध्येही सगळे तसेच खेळायचे. बाहेरच्या स्पर्धांमध्ये मात्र पहिल्या चालीला दोन घरं चालतात, आणि कॉम्प्युटर तेच मानतो. ह्यांना दोन्ही ठाऊक होतं हो! पालघरच्या स्पर्धेत हे स्वतः दोन घरं चालले होते. पण कोडं रचायला बसले ते लहानपणच्या हातानं. आणि कागदावर कोणते नियम, हे लिहायचंच राहिलं.

"दोघांनाही द्या," मी पहिल्या रांगेतून म्हणाले. मोठ्यानंच म्हणाले.

"एकच बक्षीस आहे," हे म्हणाले. "स्पर्धा कॉम्प्युटरच्या बुद्धिबळाची होती. त्यात मात होत नाही. उत्तर ह्या साहेबांचं बरोबर." आणि खाली उतरून ह्यांनी कमळीपुढे हात केला. तिनं पाकीट दिलं. इंजिनीअर बिचारे नको नको म्हणत होते, तरी ह्यांनी ते त्यांच्या खिशात घातलंच. घरी कॉम्प्युटर असलेल्याला कोर्स फुकट! मला असा संताप आला की काय सांगू.

बाहेर पायरीवर कमळी चपला घालत होती. हे तिच्यापाशी जाऊन उभे राहिले.

"काका, एकच घर चालतं, तुमीच शिकवलं ना?"

"हो."

"मंग मी चुकले का?"

"नाही गं. तू चुकली नाहीस."

"मंग तुमी चुकलात?"

ह्यांनी मान हलवली. हो का नाही, ते मलाही कळलं नाही.

"आमच्या पाड्यावं समद्यांना मीच शिकवलाय ह्यो खेळ," ती म्हणाली. "माझा बा रोज संध्याकाळी खेळतो, एक एक घर. त्याला आता काय सांगू?"

भाजीवालीचं वांगं परत करणारा हा माणूस. माझ्याकडे बघायला लागला. कमळीला खोकल्याची उबळ आली, म्हणून मी पुढे होऊन तिची पाठ चोळायला लागले.