विहीणबाईंना घरी बोलावताना

बडोद्याच्या गोत्री भागातल्या दुर्गाबाई शिर्के इंग्रजी घेऊन बीए झालेल्या. बँकेचे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा त्या बिनचूक लिहीत. मनातलं मात्र इंग्रजीत कुणाला कधी लिहिलं नव्हतं. आता ती वेळ आली. त्यांच्या मुलाच्या, उत्कर्षच्या होणाऱ्या सासूबाई, मोराग, लग्नाला स्कॉटलंडहून एकट्याच येणार होत्या, आणि "तुम्हाला त्रास नको" म्हणून त्यांनी हॉटेल ठरवून टाकलं होतं. विहीण बडोद्यात येऊन हॉटेलात राहणार, हे दुर्गाबाईंना काही केल्या पचेना.

यजमान हिंमतराव मदतीला धावले. त्यांची हयात कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलेली. तिथलंच वाक्य त्यांनी पुढं केलं, "वुई लुक फॉरवर्ड टू युअर अर्ली रिप्लाय."

"अहो, हे वाचून त्या वकील गाठतील."

"चुकीचं काय आहे त्यात? यावर लोक मुकाट माल पाठवायचे."

"मला माल नकोय, विहीणबाई हव्यात."

सोफ्यावरून मुलगी शलाका म्हणाली, "आई, फोनला सांग ना. मस्त लिहून देईल."

"फोनच्या घरी कुठं येतायत त्या?"

दुर्गाबाईंनी स्वतःच लिहिलं, वुई आर लुकिंग फॉरवर्ड टू हॅव यू विथ अस. शलाकानं डोकावून पाहिलं.

"टूच्या पुढं हॅविंग, आई."

"बरं बाई, हॅविंग."

वाक्य अचूक झालं, पण त्यांनाच ते पत्रिकेवरच्या छापील ओळीसारखं कोरडं वाटलं. वाट पाहतो म्हणायचं, तर कशाची ते नको का सांगायला? मग त्या सुटल्याच. सकाळचा चहा तुमच्याबरोबर पिण्याची वाट पाहतेय. खंडेराव मार्केटात दोघींनी मिळून वांगी निवडण्याची. झोपाळ्यावर बसून तुमच्या लेकीच्या लहानपणच्या खोड्या ऐकण्याची, आणि आमच्या चिरंजीवांच्या सांगण्याची. शलाका प्रत्येक ओळीला आयएनजी पुरवत होती.

"बस, बहु थयुं," ती शेवटी म्हणाली. "पुष्कळ झालं, आता पाठव."

संध्याकाळी उत्तर आलं. हॉटेल रद्द झालं होतं, मुक्कामाचे दोन दिवसांचे दहा दिवस झाले होते, आणि खोड्या इतक्या आहेत की दहा दिवस पुरणार नाहीत, असं मोरागबाईंनी कळवलं होतं.

दुर्गाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि उद्या सकाळीच गच्चीवर गाद्या उन्हात टाकायचं काम हिंमतरावांच्या गळ्यात घातलं.