मास्तर फार छान ऐकायचे

माझ्या मावशीचं चष्म्याचं दुकान तसं एवढंसंच होतं. एक आरसा, एक बाक आणि भिंतभर फ्रेमा. डोळे तपासायला डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकी सगळं मावशी एकटी बघायची. वाकलेली काडी सरळ करायची, हरवलेला स्क्रू बसवायची आणि "ही फ्रेम तुम्हाला अजिबात शोभत नाही" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. तरी लोक तिच्याचकडे यायचे.

पुढे रंगाच्या कारखान्यावरून गाव दुभंगलं. नदीत रंगाचं पाणी सोडतात, कारखाना बंद करा, असं म्हणणारे एकीकडे. आमच्या घरात काय शिजणार ते सांगा आधी, कारखाना चालू ठेवा, असं म्हणणारे दुसरीकडे. सख्खे भाऊ एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जायला लागले. केस कापायची दुकानंसुद्धा वाटली गेली, 'बंद'वाल्यांचा न्हावी वेगळा, 'चालू'वाल्यांचा वेगळा. चष्म्याचं दुकान मात्र एकच. त्यामुळे दोन्हीकडची माणसं मावशीच्या बाकावर शेजारी शेजारी बसून आपापल्या चपलांकडे बघत राहायची.

मावशी 'चालू'वाली. काका, म्हणजे तिचे यजमान, लग्नाच्या आधीपासून त्या कारखान्याच्या रंगखात्यात होते.

'बंद'वाल्यांचे पुढारी होते भूगोलाचे निवृत्त मास्तर. एका दुपारी त्यांच्या चष्म्याची काडी मोडली आणि नाइलाजाने ते मावशीकडे आले.

"ताई, तुम्ही आमच्यावर चिडून असाल," ते म्हणाले.

"आहेच. पण काडी नीटच बसवीन."

मास्तर हसले. म्हणाले, "तुमचं म्हणणं काय आहे ते एकदा मला सांगा. मी मध्ये तोंड घालणार नाही."

आणि त्यांनी खरंच घातलं नाही. मावशीचं बोलून झाल्यावर त्यांनी तेच आपल्या शब्दांत परत सांगितलं आणि विचारलं, "मला बरोबर समजलं का?" मावशी नंतर माझ्या आईला म्हणाली, "अगं, आख्ख्या संसारात मला असं कुणी विचारलं नव्हतं."

मग दर गुरुवारी दुपारी, दुकान रिकामं असायचं तेव्हा मास्तर यायला लागले. दोघांनी मिळून काही नियम ठरवले. आवाज चढवायचा नाही. 'तुम्ही लोक' असं म्हणायचं नाही. आणि दुकानात बोललेलं दुकानातच राहील. हा शेवटचा नियम मास्तरांनीच सुचवला होता.

पटलं फारसं काही नाही, पण थोडं थोडं सापडत गेलं. पाण्याची तपासणी बाहेरच्या माणसांकडून व्हावी, हे मावशीला मान्य झालं. एका दिवसात कुलूप ठोकून चालणार नाही, हे मास्तरांना. एका गुरुवारी मास्तर म्हणाले, "माझ्या मुलाला या कारखान्याने नोकरी नाकारली होती. कधी कधी मलाच कळत नाही, माझा राग नदीसाठी आहे की पोरासाठी."

एवढं मोकळं बोलणाऱ्या माणसासमोर मावशीला हातचं राखून बोलणं जमलं नाही. काका खोकतात आणि रुमालावर निळसर डाग पडतात, हे तिने सांगितलं. कारखान्यात कळलं तर रंगखात्यातून काढतील, म्हणून काकांनी तिला कुणाकडे बोलायचं नाही असं बजावलं होतं. "डॉक्टरकडे चला म्हणून मी हळूहळू त्यांचं मन वळवतेय," ती म्हणाली. "सभेत मी ओरडते ना मास्तर, ते भीती दाबायला."

नगरपालिकेच्या सभागृहात मोठी सभा झाली तेव्हा मावशी, काका आणि मी एका रांगेत बसलो होतो. कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं की आमचा एकही कामगार आजारी नाही. टाळ्या पडल्या. मास्तर उठले, पण त्यांचं बोलणं रंगेना. त्यांचीच माणसं चुळबुळ करायला लागली. मास्तर थांबले, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "इथे एक बाई बसल्या आहेत. त्यांचे यजमान रंगखात्यात आहेत. ते खोकले की रुमाल निळा होतो. त्या बोलू शकत नाहीत, म्हणून मी बोलतोय."

नाव घेतलं नाही. पण दर गुरुवारी मास्तर कुठे बसतात, हे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं होतं. माना वळल्या. काकांना नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली. त्यांनी ती दाबली. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, शेवटी उठून ते बाहेर गेले. मावशी बसल्या जागी थिजली.

घरी आल्यावर काका एवढंच म्हणाले, "मी हे फक्त तुला सांगितलं होतं."

काही दिवसांतच त्यांना रंगखात्यातून काढून फाटकावर बसवलं. 'चालू'वाल्यांचा म्होरक्या टेम्पो चालवायचा. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत. तो दुकानात येऊन म्हणाला, "ताई, त्या मास्तरचंही काहीतरी तुम्हाला ठाऊक असणारच. सांगा, म्हणजे फिट्टंफाट."

मावशीला ठाऊक होतं. मुलाच्या नोकरीचं एक वाक्य पुरलं असतं. ती म्हणाली, "ते तुमच्यासाठी नाही."

"म्हणजे तुम्ही त्यांच्याच," भोंगा म्हणाला. त्या दिवसापासून आमची माणसं चष्म्यासाठी बस पकडून लांब जायला लागली.

मास्तर आले ते पंधरवड्यानंतर. बाकावर न बसता उभेच राहिले. "ताई, त्या एका वाक्यामुळे पाण्याची तपासणी मंजूर झाली. तुम्हालाही तेच हवं होतं."

"हवं होतं."

"मी नाव घेतलं नव्हतं."

"माझ्या घरात माझं नाव घ्यावं लागत नाही, मास्तर."

ते दारापर्यंत जाऊन परत फिरले. मग म्हणाले, "तुम्हाला काय वाटलं असेल, ते मी माझ्या शब्दांत सांगून बघू का?"

"नको," मावशी म्हणाली. "तुम्हाला ते अगदी बरोबर कळलं असणार. न कळणाऱ्या माणसाने केलं असतं तर मी चार शिव्या घालून विसरले असते."

मास्तर गेले. पुढे कारखान्याने पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं आणि कारखाना चालू राहिला. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं सांगितलं. दुकानही हळूहळू पूर्वीसारखं चालायला लागलं. आता बाकावरची माणसं एकमेकांशी थोडंफार बोलतात. मावशी त्यांना बोलू देते, स्वतः मात्र फ्रेमांपलीकडे जात नाही.

परवा ती आमच्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईला म्हणाली, "हे डॉक्टरकडे जाऊन आले. मला औषधांच्या दुकानदाराकडून कळलं."

"मग विचार ना त्यांना, डॉक्टर काय म्हणाले."

"कशी विचारू? विचारलं तर यांना वाटेल, आता ही हे कुणाला जाऊन सांगणार."