रुसलेला सरदार आणि अण्णा

मंडळी, आई गेल्यापासून माझे वडील, अण्णा, फारसं बोलत नाहीत. गंगापूरचं घर बंद करून संभाजीनगरला माझ्याकडं आलेत, नुसते बसून असतात.

आज दुपारी मी कॉम्प्युटरवर दख्खनच्या सुलतानीचा गेम खेळत होते. त्यात शत्रूपेक्षा आपलेच सरदार सांभाळणं अवघड. एकानं बंड केलं. मी फौज धाडणार, तेवढ्यात मागून अण्णा बोलले.

“मारू नको त्याला. कशापायी रुसलाय, ते बघ.”

“दरबारात जागा नाय मिळाली त्याला.”

“मग दे की!”

मी त्याला वजीर केलं. बंड शमलं. अण्णा खुदकन हसले, खुर्ची ओढून शेजारी बसले.

“आता अजून कोण रुसलंय?”

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी राज्य चालवलं.

तुमच्या घरचं गप्प झालेलं माणूस कशानं बोलतं झालं?