पिंपातलं शिळं पाणी

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा अ‍ॅक्झोलॉटल माझ्या गळ्यात टाकून गेला. वीतभर लांब, फिकट गुलाबी, चार पायांचा, पाण्यातच राहणारा प्राणी, मानेला पिसांसारखे कल्ले. तोंड कायम हसरं, मला त्याचाही राग येतो. त्याला गार पाणी लागतं, म्हणजे सोलापुरात उन्हाळाभर गोठवलेल्या बाटल्या त्याच्या काचेच्या टाकीत सोडायच्या. रोज पिचकारीने घाण ओढायची, आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने कल्ले भाजतात, म्हणून मोरीजवळच्या निळ्या पिंपात ते क्लोरीन उडून जाईपर्यंत उघडं ठेवायचं.

आमच्याकडे नळ पाच दिवसांनी येतो. आला की सगळी गल्ली शिळं पाणी ओतते आणि ताजं भरते. मी निळं पिंप तेवढं सोडते.

त्या दिवशी मी ऑफिसात होते. घरी वन्स होत्या, माझी मोठी नणंद, वैरागहून आलेल्या. दुपारी येऊन बघते तो टाकी घासून लखलखीत, ती आणि पिंप दोन्ही नळाच्या ताज्या पाण्याने काठोकाठ, आणि कल्ले आखडून तो काचेवर धडका मारतोय.

"लई शिळं झालतं पाणी," वन्स म्हणाल्या. "पाहुणी म्हणून नुसती बसू व्हय?"

मी तोंड उघडलं असतं तर त्या पुन्हा आमचा उंबरा चढल्या नसत्या. क्लोरीन मारायच्या थेंबांची बाटली संपली होती. पिंप आहे म्हणून मीच नवी आणली नव्हती. तो राग माझा माझ्यावर.

बादली घेऊन बाहेर पडले. शेजारी शिळं पाणी मागितलं. बाईंनी हसून माझ्या बादलीत नळीच सोडली. "ताजं घ्या की, शिळं कशाला?" मी ते त्यांच्यादेखत गटारीत ओतलं. आमच्या गल्लीत त्यापेक्षा शिवी परवडली.

कोपऱ्यावरच्या घरातली सून पिंप आडवंच करत होती. मी ते दोन्ही हातांनी धरलं.

घरी येऊन प्लास्टिकच्या टबात ते शिळं पाणी ओतून त्याला सोडलं, गार बाटली ठेवली. वन्स मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मरतंय व्हय?"

"माहीत नाही."

तिसऱ्या दिवशी त्याने गांडूळ गिळलं. एक कल्ला निम्माच उरला होता. कल्ले परत फुटतात, मुलाने फोनवर शांतपणे सांगितलं. फुटतील. टबापाशी बसून त्याने बघितलं नव्हतं.

वन्स गेल्या त्या दिवशी मी पिंपाच्या तोंडाला जुनी साडी बांधली. गाठ अशी मारली आहे, की सोडताना माझीच नखं मोडतात.