नकाशावरची बिननावाची खूण

अन्याय झाला सुभाषभाऊंवर. तेल्हाऱ्याजवळच्या एका वावरात, पोळ्याच्या करीच्या, म्हणजे पोळ्यानंतरच्या दिवशी, सकाळी. करीला एरवी काम बंद असतं. पण मालकाला घाई — बोंडअळी आली म्हणे! डोक्याएवढ्या कपाशीत, तोंडाला साधा रुमाल नसताना या मजुराला फवारायला लावलं. दुपारी उलट्या, डोळ्यांपुढे अंधार. मालकानं काय केलं? सुभाषभाऊंना ऑटोत टाकून घरी पाठवलं आणि औषधाच्या बाटल्या गायब केल्या. त्या हंगामात फवारणीनं माणसं अशीच पडत होती, आणि बाटल्या अशाच गायब होत होत्या.

आता पुढचं. भूत, करणी, साक्षात्कार... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. बुवाबाजीविरुद्ध भर चौकात पत्रकं वाटलेली मुलगी आहे मी. तरी हे लिहितेय, कारण जे डोळ्यांनी पाहिलं ते लपवणं मला जमत नाही.

फवारणीत विषबाधा झालेल्या मजुरांसाठी आम्ही एक समिती चालवतो, तिला ऑफिस नाही. मी अमरावतीत, राजापेठेत ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत. समितीतली माझी जोडीदार शाहीनआपा तेल्हाऱ्यात, तिच्या शिलाईच्या दुकानात. पूर्वी एका पत्रकासाठी एसटीत अख्खा दिवस जायचा. आता एकच मसुदा आम्ही दोन गावांतून एकाच वेळी लिहितो — मी वाक्य टाकते, आपा तिकडून खोडते! बैठक व्हिडिओ कॉलवर. आणि सगळ्यात लाडका आमचा ऑनलाइन नकाशा. विषबाधा झाली तिथं खूण टाकायची, फोटो जोडायचा. कोणी टाकली त्याचं नाव खुणेखाली आपोआप येतं. सगळं फुकट! मोठमोठ्या कंपन्यांत चालतं तसं काम आपा पायानं मशीन मारता मारता करते. ज्यांनी ही साधनं बनवली त्यांना माझा सलाम, अगदी मनापासून.

करीच्या रात्रीच सुभाषभाऊंना घरच्यांनी अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी कॉलवर होतो. तिसऱ्या म्हणजे सुभाषभाऊंच्या पत्नी, वंदनावहिनी — तिथल्या वॉर्डाच्या दारात.

"डॉक्टर म्हंतेत, कोणतं औषध होतं ते कळल्याबिगर पुढचा इलाज ठरत नाही. बाटली आणा म्हंतेत. त्याईची नजर चालली वं..." वहिनी रडत नव्हत्या, ओरडत होत्या.

आपा त्या वावरात पोचली होती. मालक धुऱ्यावरच, वावराच्या बांधावर उभा. त्याचा आवाज मला इकडं स्वच्छ ऐकू येत होता.

"कायची बाटली? टॉनिक होतं साधं. तोच पिऊन आला असन."

"टॉनिक होतं त तुमीच घ्या ना एक घोट, दादा," आपा म्हणाली. "मी थांबतो इथंच."

मालक गाडीला किक मारून निघून गेला.

वावर लांबच लांब. शोधायचं कुठं? कोणत्या बाजूनं सुरुवात करायची ते दाखवावं म्हणून मी नकाशा उघडून स्क्रीन शेअर केली. आणि माझ्या डोळ्यांदेखत एक लाल खूण उमटली... पार मागच्या टोकाला, नाल्याकडे.

"आपा, खूण तू टाकली?"

"अवं, माया एका हातात फोन, दुसऱ्या हातात चप्पल. चिखलात उभी आहो मी! तूच टाकली असशीन."

"मी माउसला हातही लावला नाही."

"मले त ते येतच नाही," वहिनी म्हणाल्या.

मी खुणेवर क्लिक केलं. नावाची जागा कोरी.

"मंग बोलत काहून बसली? जाऊन पाह्यतो," आपा म्हणाली आणि चालायला लागली.

नाल्याकाठच्या बोराटीत, काट्यांच्या आत, खताची पिशवी कोंबलेली होती. ती ओढताना आपाचा हात कोपरापर्यंत ओरबाडला. आत दोन वेगवेगळ्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या. तिनं लेबलं कॅमेऱ्यासमोर धरली, वहिनी फोन घेऊन वॉर्डात धावल्या. डॉक्टरांनी लेबलं फोनवरच वाचली आणि उपचार तिथल्या तिथं बदलला.

सुभाषभाऊ वाचले. उजव्या डोळ्याला अजून धूसर दिसतं, पण माणूस घरी आला.

खूण कोणी टाकली? नकाशा फक्त समितीच्या माणसांना उघडतो. एकेकाला विचारलं — कोणी नाही. सुभाषभाऊंना विचारलं, तर त्यांना बाटल्या कुठं गेल्या हेच माहीत नव्हतं. कॉम्प्युटरवाल्या मित्राला दाखवलं. तो म्हणाला, नावाशिवाय खूण पडूच शकत नाही. पडली तर आहे ना, बाबा! आपा म्हणते, "ज्यानं दावलं त्याचं भलं हो."

पण एक मला पक्कं कळतं. पुढच्या वावरात अशी खूण उमटेल याच्या भरवशावर कोणाचा जीव ठेवता येत नाही. तुमच्या शेतात फवारणी आहे? मग औषध पंपात ओतायच्या आधी लेबलचा फोटो काढा आणि फवारणाऱ्याच्या घरच्यांना पाठवा. मालक असाल तर तुम्ही स्वतः पाठवा. फोन तुमच्या हातातच आहे.